आदिलाबादच्या उन्हात उड्डाण

आदिलाबादच्या निजामकालीन धावपट्टीच्या नागरी वापराला हवाई दलाने 2025 मध्ये मंजुरी दिली. इथे उतरणाऱ्या खासगी वैमानिकाने आधी उन्हाचं गणित करावं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 870 फूट उंच. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की हवा एवढी विरळ होते की इंजिन आणि पंखांच्या दृष्टीने धावपट्टी साडेचार हजार फुटांवर गेल्यासारखीच असते. धाव लांबते, चढाई मंदावते. चार आसनी विमान पूर्ण इंधन आणि चार माणसांसह भर दुपारी उडवणं धोक्याचंच, पहाटे निघावं.

दृश्य नियमांखालचं, म्हणजे बाहेर पाहत करायचं, उड्डाण सूर्योदयापूर्वी 20 मिनिटांपासून सूर्यास्तानंतर 20 मिनिटांपर्यंतच करता येतं. मुक्कामी पोहोचल्यावरही 30 मिनिटांचं इंधन उरायला हवं. दुसऱ्या विमानतळावर जायचं तर हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांकही लागतो.

हवामानासाठी नागपूर विमानतळाचा मेटार (ताजा हवामान अहवाल) आणि टॅफ (हवामानाचा अंदाज) जरूर पाहावा. पण नागपूर इथून सरळ रेषेत सुमारे 165 किलोमीटर. तिथलं निरभ्र आकाश निर्मलच्या डोंगरांवरच्या वळवाच्या ढगांबद्दल काहीच सांगत नाही. अशा ढगापासून 20 नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे 37 किलोमीटर, दूर राहावं. तेवढी वाट मोकळी नसेल तर वेळीच मागे फिरावं.