काच घोडबंदरची, ब्रश कोणता?

माजिवड्यापासून गायमुखापर्यंत घोडबंदर रोडवर काच पुसावी आणि चार दिवसांत ती पुन्हा मळावी, हे आता कुणाला नवल वाटत नाही. मेट्रो-४ चं बांधकाम, टिकुजिनीवाडीहून बोरिवलीकडे जाणारा जुळा बोगदा (भूमिपूजन जुलै २०२४), नव्या टॉवरचे पाये आणि जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेले कंटेनर. यातून जे उडतं ते शोरूमच्या दर्शनी काचांवर, शाळांच्या खिडक्यांवर आणि सोसायट्यांच्या गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर बसतं. आपण त्याला सरसकट धूळ म्हणतो. पण त्यात दगड-सिमेंटचे कोरडे कण असतात आणि डिझेलची तेलकट काजळीही असते. ही काजळीच त्या कणांना काचेला चिकटवून ठेवते.

अशी काच जमिनीवर उभं राहून धुण्याची एक पद्धत आहे. कार्बन फायबरचा लांब दांडा, त्यातून वर जाणारी नळी, टोकाला ब्रश आणि ब्रशमध्येच पाण्याच्या बारीक तोट्या. वायपर नाही, फडकं नाही. धुतलेली काच ओलीच सोडून द्यायची. ती डाग न ठेवता वाळते. कारण डाग पडतो तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅम टीडीएस चालतो. असं एक लिटर पाणी काचेवर वाळलं तर अर्धा ग्रॅम थर मागे उरेल. म्हणून या कामाचं पाणी आधी आरओमधून आणि मग रेझिनमधून काढून टीडीएस १० च्या खाली, जमल्यास शून्यावर आणतात. बोअरच्या जड पाण्यावर रेझिन लवकर संपतं. शिवाय टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीने आरओने बाहेर टाकलेलं पाणी गटारात सोडणं म्हणजे उधळपट्टीच. ते फ्लशला किंवा पार्किंग धुवायला वळवावं.

पाणी मळ वाहून नेतं, पण चिकटलेला मळ सुटा करावा लागतो ब्रशलाच. त्याने काचेवर ओरखडे पडतील ही भीती मात्र चुकीच्या जागी आहे. मोस मापनावर काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास आणि नायलॉन तिच्यापुढे अगदीच मऊ. ओरखडा काढतो तो ब्रशच्या केसांत अडकलेला वाळूचा कण, कारण त्यातल्या क्वार्ट्झचा कठीणपणा ७ आहे. तेव्हा आधी नुसतं पाणी सोडून सुटी धूळ उतरवायची, मग ब्रश लावायचा, आणि मधूनमधून ब्रशही धुवायचा.

ब्रश मऊ की कडक, हे नुसत्या पदार्थावर ठरत नाही. प्रत्येक केस म्हणजे एका टोकाला घट्ट रोवलेली बारीक काठी. तिची जाडी दुप्पट केली तर ताठपणा १६ पट होतो. लांबी निम्मी केली तर ८ पट. म्हणूनच झिजून आखूड झालेला ब्रश मऊ पडत नाही, उलट नव्यापेक्षा कडक होतो. ‘अजून वर्षभर चालेल’ म्हणून तो वापरत राहणं ही खोटी काटकसर आहे.

नायलॉनचे केस ब्रशमध्ये आले ते १९३८ साली, अमेरिकेत, दात घासण्याच्या ब्रशमधून. आज काच धुण्याच्या ब्रशमध्येही तेच सर्रास दिसतं. पण नायलॉन पाणी पितं. नायलॉन-६ पूर्ण भिजलं की वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषतं आणि मऊ पडतं. पीबीटी नावाचं प्लास्टिक अर्धा टक्काही शोषत नाही, त्यामुळे ते ओलं झालं तरी ताठच राहतं. दुकानात कोरडा ब्रश अंगठ्याने दाबून पाहणाऱ्याची इथेच फसगत होते. बादलीभर पाण्यात काही तास भिजवून मग दाबून पाहावा.

डुकराच्या केसांचा ब्रश महाग असतो, आणि त्याचे भक्त त्याच्याशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. त्या केसांवर नैसर्गिक खवले असतात, टोकं फाटलेली असतात; तेलकट काजळी त्यांना चांगली सापडते. पण हे केस लवकर झिजतात आणि भिजल्यावर जड होतात. पंधरा मीटरचा दांडा उभ्या रेषेपासून दहा अंश जरी कलला, तरी त्याचं टोक हातापासून अडीच मीटरहून पुढे जातं. टोकाला अर्धा किलोचा ब्रश असेल तर एक मीटर अंतरावर १.३ किलो तोलल्याइतका ताण एकट्या ब्रशचा येतो. दांड्याचं वजन वेगळंच. संध्याकाळपर्यंत खांदा हा हिशेब बरोबर सांगतो.

तोट्यांचा विचार त्यामानाने सोपा. पाणी काचेवर पसरत असेल तर दोन सरळ धारा पुरतात. नव्या काचेवर सिलिकॉनचा अंश राहिला असेल आणि पाण्याचे मणी होत असतील, तर पंख्यासारखी फाकणारी धार हवी.

घोडबंदरला या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. दांड्याने पाच-सहा मजल्यांपर्यंत नीट काम होतं. त्यावरच्या तीस मजली टॉवरला दोरी किंवा झुलाच लागतो. आणि राहत्या इमारतींत निम्मी लढाई ग्रिलनेच हरवलेली असते. खिडकीबाहेर पेटीसारखी ग्रिल, तिच्यात कुंड्या. तिथे कितीही महागडा ब्रश नेला तरी तो काचेपर्यंत पोचणार कसा?

शोरूम, शाळा, क्लबहाउस यांच्या नेहमीच्या धुण्याला फाटलेल्या टोकांचा, मध्यम मऊ आणि हलका नायलॉन ब्रश पुरेसा आहे. डुकराचे केस आणि नायलॉन मिळून बनवलेला ब्रश पहिल्या धुण्यासाठी किंवा फार साचलेल्या काजळीसाठी राखून ठेवावा. सोलर पॅनेलवर मात्र मऊच ब्रश लावा: बहुतेक पॅनेलच्या काचेवर परावर्तन कमी करणारा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर असतो आणि कडक ब्रश तो झिजवतो. कंत्राटदाराला काम देण्याआधी टीडीएस मीटरवरचा आकडा स्वतः पाहा, ब्रश भिजवून दाखवायला सांगा, आणि इमारतीजवळून विजेच्या तारा जात असतील तर तिथे कार्बन फायबरचा दांडा उभा करू देऊ नका. कार्बन फायबरमधून वीज वाहते.