झाडे प्रवासाला निघतात तेव्हा

वनस्पती व प्राणी यांच्यांतील फरक विचारला, की 'प्राणी फिरतात, झाडे एका जागी उभी राहतात' असे उत्तर तुम्ही झटकन द्याल. उत्तर चूक नाही, गुणही मिळतील. पण एका झाडाऐवजी त्याच्या शेकडो पिढ्यांकडे पाहिलेत तर काय दिसेल? जंगलेच्या जंगले वाट चालताना दिसतील!

ब्रिटनमधील ओक वृक्षाचेच उदाहरण घ्या. (आपल्याकडच्या ओक मंडळींशी याचा काही संबंध नाही.) सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. स्कँडिनेव्हिया आणि ब्रिटनचा बराचसा भाग बर्फाच्या जाड थराखाली गाडला गेला होता. त्या काळात ओक दक्षिणेला, आजच्या स्पेन, इटली आणि बाल्कन प्रदेशांत कसाबसा तग धरून राहिला. पुढे हवा उबदार होत गेली, बर्फ मागे हटले आणि ओक उत्तरेकडे निघाला. आज तो थेट स्कॉटलंडमध्ये पोहोचलेला आहे.

यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण १८९९ मध्ये क्लेमंट रीड या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाला यात एक अवघड कोडे दिसले. ओकचे फळ जड असते. वाऱ्यावर ते उडत नाही, झाडाखालीच टपकते. त्यातून उगवलेल्या रोपाला फळे धरायला काही दशके लागतात. म्हणजे एका पिढीत फार तर चार पावले वाटचाल! ओकने उत्तरेकडे सुमारे ६०० मैल, म्हणजे जवळजवळ १,००० किलोमीटर मजल मारली असावी, असे रीडने धरले. या चालीने त्याला काही दहा लाख वर्षे लागायला हवी होती. प्रत्यक्षात हिमयुग संपून ११-१२ हजार वर्षेच झाली आहेत. मग हा गडी पोहोचला कसा?

त्याला हमाल भेटले. रीडचा संशय पक्ष्यांवर होता आणि तो खरा निघाला. युरोपात जे नावाचा एक देखणा पक्षी आहे, आपल्या कावळ्याचाच भाऊबंद. हिवाळ्याची बेगमी म्हणून तो ओकची हजारो फळे एकेक करून जमिनीत पुरून ठेवतो आणि त्यासाठी कधीकधी काही किलोमीटर दूर उडत जातो. पुरलेली सगळीच फळे काही तो उकरून खात नाही. उरतात ती रुजतात. आपल्या सह्याद्रीत मोठ्या बियांची ने-आण धनेश पक्षी करतो, तोही याच पंथातला.

पण हजारो वर्षांपूर्वी कोणते झाड कुठे होते, हे कळते कसे? परागकणांवरून. परागकणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते, की तळ्याच्या गाळात ते हजारो वर्षे कुजत नाही. दर वर्षी गाळाचा नवा थर बसतो आणि त्या वर्षीचे परागकण त्यात अडकतात. नळी खुपसून गाळाचा लांब स्तंभ बाहेर काढायचा आणि एकेका थरातील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजायचे. लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये या मोजणीचे आलेख मांडले आणि जंगलांच्या प्रवासाचा रोजनामाच हाती लागला.

आता जरा गणित करू. १,००० किलोमीटर अंतर १० हजार वर्षांत, म्हणजे वर्षाला सरासरी १०० मीटर. ही झाली झाडांची चाल. हवामानाची चाल किती? हिमयुगाच्या अखेरीस पृथ्वीचे सरासरी तपमान ५-६ अंश सेल्सिअसने वाढायला काही हजार वर्षे लागली. आपण कोळसा व तेल जाळू लागल्यापासून मात्र दीडशे वर्षांतच ते एक अंशाहून अधिक वाढले आहे. झाडाला सवयीचे तपमान टिकवायचे असेल, तर त्याने किती वेगाने सरकले पाहिजे, याचा हिशेब २००९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडला. उत्तर आले, या शतकात जगभराची सरासरी वर्षाला ४२० मीटर. सपाट प्रदेशात हा वेग जास्त लागतो, डोंगराळ भागात कमी. कारण सोपे आहे. डोंगरावर सुमारे दीडशे मीटर चढले की तपमान एका अंशाने उतरते. तोच एक अंश सपाटीवर मिळवायला समशीतोष्ण कटिबंधात दीडशे किलोमीटरच्या आसपास ध्रुवाकडे जावे लागते. हजारपट फरक!

काही झाडे खरोखरच पळू लागली आहेत. अलास्काच्या ब्रूक्स पर्वतरांगेपलीकडील वृक्षहीन मैदानात पांढऱ्या स्प्रूसची तरुण झाडे आढळली. रोमन डायल आणि त्यांचे सहकारी यांनी उपग्रहाच्या चित्रांत बर्फावर पडलेल्या झाडांच्या सावल्या शोधल्या आणि मग पायपीट करून ती झाडे मोजली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की हे स्प्रूस दशकाला सुमारे ४ किलोमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आहेत. स्प्रूसचे बी हलके, पंख असलेले. वारा आणि भरपूर बर्फ यांची त्याला तेथे साथ मिळाली. ओकला हे जमणार नाही.

नुसती ऊब मिळाली म्हणजे झाले, असेही नाही. हिमालयातला भूर्ज पाहा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ऋग्वेदाची शारदा लिपीतील एक पोथी आहे, ती याच झाडाच्या सालीवर लिहिलेली. हिमालयाच्या अनेक भागांत जंगलाची वरची सीमा भूर्जच आखतो. तपमान वाढले तसा तो सरळ वर चढायला हवा. पण मध्य हिमालयातील भूर्जांची वार्षिक वलये वेगळेच सांगतात. मार्च ते मे हे महिने कोरडे गेले, की त्याची वाढ खुंटते. हवा तापते तशी जमीनही लवकर सुकते, आणि मान्सून येईपर्यंत कोवळी रोपे तहानलेली राहतात. वाट मोकळी, पण शिदोरीत पाणी नाही!

मग झाडांना आपणच उचलून न्यावे काय? यावर शास्त्रज्ञांत चांगलाच वाद आहे. अमेरिकेत फ्लोरिडामधील अपलाचिकोला नदीच्या काठी टोरेया नावाचा एक सूचिपर्णी वृक्ष आहे. बुरशीच्या रोगाने तो नामशेष होण्याच्या बेतात आला. हिमयुगात दक्षिणेला आलेला हा प्रवासी परत जायचा राहून गेला, असे काहींचे मत. म्हणून २००८ मध्ये काही हौशी मंडळींनी त्याची ३१ रोपे पाचशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला, नॉर्थ कॅरोलिनात नेऊन लावली. विरोधक म्हणतात, रोपांबरोबर रोगही जाईल, आणि नव्या जागी पाहुणाच घरमालक होऊन बसला तर? ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने आपल्या रानांत काय केले, ते तुम्ही पाहताच.

मला स्वतःला कॅनडातील वनखात्याची रीत अधिक पटते, कारण तेथे आधी मोजमाप आहे. ब्रिटिश कोलंबियातील वनशास्त्रज्ञांनी २००९ ते २०१२ या काळात कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून युकॉनपर्यंत ४८ ठिकाणी १५ जातींच्या वृक्षांची रोपे लावली. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या हवामानांतून आणलेले बी. कोणते कुठे वाढते, कोणते थंडीने मरते, याची नोंद ठेवली जाते. ती झाडे आज साधारण तुमच्याच वयाची आहेत.