एका अणूला एका अणूचं उत्तर

व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक मिळालं बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून. एका मिशनऱ्याने धाडलेल्या त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून एली लिली कंपनीने ते वेगळं केलं. सुरुवातीचा माल इतका गढूळ, की त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ असं नाव पडलं होतं! १९५८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि पुढे जवळपास तीस वर्षं जिवाणूंना त्याच्यावर तोड सापडली नाही.

का सापडली नाही? पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला, म्हणजे एन्झाइमला, निकामी करतं. व्हँकोमायसिन थेट विटेलाच धरून बसतं. या विटेला डी-अ‍ॅलानिनच्या दोन रेणूंची शेपटी असते. वाडग्यासारख्या आकाराचं व्हँकोमायसिन पाच हायड्रोजन बंधांनी ती शेपटी पक्की पकडतं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस काही एन्टेरोकॉकस जिवाणू व्हँकोमायसिनला दाद देईनासे झाले. त्यांनी शेपटीच बदलली होती. टोकाच्या अ‍ॅलानिनऐवजी त्यांनी लॅक्टिक आम्ल जोडलं होतं, दह्याला आंबटपणा देतं तेच. फरक कितीसा? नेमक्या पकडीच्या जागी नायट्रोजन गेला, ऑक्सिजन आला. एक बंध तुटला. शिवाय समोर औषधाचाही ऑक्सिजन असल्याने दोघे एकमेकांना दूर लोटू लागले. औषधाची पकड हजार पटींनी ढिली झाली.

मग औषधातला तो ऑक्सिजनच काढून टाकला तर? कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत डेल बोगर यांच्या चमूने तेच केलं. त्याच्या जागी दोन हायड्रोजन बसवले आणि नवी शेपटीही पकडीत आली. सांगायला सोपं, पण तो अणू रेणूच्या पार पोटात दडलेला, त्यामुळे अख्खा रेणूच नव्याने घडवावा लागला. २०१७ साली त्यांनी त्याला आणखी दोन हत्यारं दिली: एक गट भिंतीच्या एन्झाइमला अडवतो, दुसरा जिवाणूचं पटल गळकं करतो. तीन वाटांनी एकदम मार! या औषधाशी पन्नास फेऱ्या झुंजूनही प्रयोगशाळेतल्या त्या चिवट जिवाणूंना त्याला दाद न देणं जमलं नाही.

अर्थात हा रेणू अजून औषधाच्या दुकानात आलेला नाही. तो घडवायला तीसेक रासायनिक पायऱ्या लागतात. पण जिवाणूलाही तो एक अणू बदलायला पाच जनुकांचा संच कामाला लावावा लागतो. एवढासा बदल दोन्ही पक्षांना स्वस्तात पडलेला नाही.