परसातलं विज्ञान : टोमॅटोची फुलं का गळतात?

हळदीला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या वसमतच्या परसात मे महिन्यात टोमॅटो मात्र रुसतो. झाड हिरवंगार, फुलंही भरपूर. पण दोन-चार दिवसांत ती देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळतात. मग बादल्यांनी पाणी ओतलं जातं. उगाचच!

टोमॅटोच्या एकाच फुलात पराग आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. वाऱ्याने फूल हललं, की मीठदाणीतून मीठ पडावं तसे पराग झरतात. पारा पस्तिशीपुढे गेला आणि रात्रही उकाड्याची असली, की हे पराग निकामी होतात. फळधारणा झाली नाही, की झाड त्या गाठीपाशीच फूल सोडून देतं.

भेंडी, गवार याच उन्हात खुशाल वाढतात. टोमॅटोचं मूळ मात्र दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या परिसरातलं, सौम्य हवेतलं; म्हणून त्याला हा उकाडा सोसत नाही. दुपारी शेडनेट बांधलं तर थोडीफार फळं धरतात. भरघोस टोमॅटो हवे असतील तर पावसाळा सरताना रोपं लावावीत.