रॅकेट आणि तिचे गटिंग



यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचा माणूस रॅकेटविषयी काय बोलणार, असा प्रश्न व्याख्यानमालेची पत्रिका वाचून पुष्कळांना पडला असेल. किमान वेतनावर बोलावयास सांगितले असते तर मी दोन तास थांबलो नसतो. हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. माझे शिक्षण मागावर झाले. पुस्तके नंतर वाचली. परंतु रॅकेट हातात घेऊन नीट पाहिली तेव्हा मला असे दिसले की, या वस्तूविषयी भिवंडीच्या माणसाला जेवढे आधीच ठाऊक आहे तेवढे दुसऱ्या गावच्या माणसाला क्वचितच असेल.

शटल हा शब्दच घ्या. आपल्याकडे शटल म्हणजे धोटा, ताण्याच्या दोन पदरांतून इकडून तिकडे धावणारा. बॅडमिंटनच्या पिसांच्या फुलाला शटल हे नाव त्या धोट्यावरूनच पडले, कारण तेही जाळीच्या अलीकडे-पलीकडे तसेच जा-ये करते. आता बिनधोट्याचे रेपियर माग आले आहेत. पुढे एखादे वेळी आपल्या मुलांना शटल म्हणजे फक्त पिसांचे, एवढेच ठाऊक राहील.

पण मी या विषयात शिरलो तो भाषेच्या आवडीने नव्हे. आमच्या वस्तीत कांड्या भरणारी एक बाई आहे. तिचा मुलगा बॅडमिंटन बरा खेळतो. तिने कित्येक महिने पैसे बाजूला टाकून त्याला चांगली रॅकेट घेऊन दिली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने ती एका दुकानात गटिंगला टाकली आणि कोणा मोठ्या खेळाडूचे ऐकून २८ पौंड ताण मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम वरच्या कोपऱ्याशी तडकलेली. गटिंगवाला म्हणे फ्रेमच खराब होती. विकणारा म्हणे गटिंगवाल्याने ओढून मोडली. दोन मालक एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधला माणूस रिकाम्या हाताने घरी जातो, हे दृश्य मी तीस वर्षे पाहत आलो आहे. बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही बोला की त्यांच्याशी.” बोलायचे तर आधी विषय समजला पाहिजे. म्हणून मी ती मोडकी रॅकेट घेऊन ठाण्याच्या एका जुन्या गटिंग कारागिराकडे गेलो, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. आज जे सांगणार आहे त्यातले बरेचसे त्या बाकड्याशेजारी बसून शिकलेले आहे.

प्रथम गटिंग या शब्दाचा खुलासा करतो. हे गट म्हणजे संघटनेतले गट नव्हेत. ते तुटतात ते निराळ्या कारणांनी. इंग्रजीत गट म्हणजे आतडे. पूर्वी मेंढीच्या आतड्याची तात रॅकेटला लावीत, पुढे गायीच्या आतड्याची लावू लागले. फ्रान्समधील लिआँ शहरी बाबोला यांच्या कारखान्यात १८७५ मध्ये टेनिससाठी अशी तात प्रथम तयार झाली. फाळणीपूर्वी आपल्याकडे खेळाच्या सामानाचे मोठे ठिकाण सियालकोट होते. १९४७ नंतर तेथले पुष्कळ कारागीर जालंधर व मेरठ येथे आले आणि हा धंदा त्या गावांत रुजला. आता बॅडमिंटनला जवळजवळ सर्वत्र नायलॉन आणि टेनिसला नायलॉन किंवा पॉलिएस्टर असते, आतड्याची तात थोडेच टेनिसपटू वापरतात. माल बदलला तरी नाव गटिंगच राहिले.

आता मुख्य गोष्ट. रॅकेटची जाळी म्हणजे साधी वीण, आपल्या ग्रे कापडाची असते तीच. उभे धागे हा ताणा आणि आडवे हा बाणा. बाण्याचा प्रत्येक धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून जातो आणि पुढचा धागा नेमका उलट. टेनिसला बहुधा १६ उभे व १९ आडवे, बॅडमिंटनला साधारण २२ उभे व २१ किंवा २२ आडवे.

ही वीण नसती तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहासात आहे. १९७७ साली टेनिसमध्ये एक विचित्र रॅकेट आली. तिला लोक गमतीने स्पॅगेटी रॅकेट म्हणत. तिच्यात उभ्या तारांचे दोन थर होते आणि आडव्या तारा त्यांच्यात विणलेल्याच नव्हत्या, नुसत्या मध्ये होत्या. उभ्या तारा मोकळ्या सरकत आणि परत येत, त्यामुळे चेंडूला भयंकर फिरकी मिळे. त्याच वर्षी फ्रान्समधील एका स्पर्धेत नास्तासे या रुमानियन खेळाडूने ती घेऊन गिलेर्मो विलासला गाठले. विलास तेव्हा मातीच्या मैदानावर ओळीने ५३ सामने जिंकून आला होता. वैतागून त्याने सामना अर्धवट सोडला. तोवर टेनिसच्या नियमांत रॅकेट कशी असावी याविषयी एक अक्षर नव्हते. फळकुटाने खेळला असता तरी चालले असते. १९७८ मध्ये नियम झाला की तारा एकाआड एक विणलेल्या किंवा जेथे छेदतात तेथे जोडलेल्या असल्या पाहिजेत. साध्या विणीला कायद्याने संरक्षण मिळालेले दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मागवाल्यांनी याचा अभिमान बाळगावा!

यानंतर ताण. बॅडमिंटनमध्ये नवशिक्याला २० ते २२ पौंड पुरतात, मुरलेला खेळाडू २४ ते २८ घेतो आणि मोठे व्यावसायिक त्याच्याही वर जातात. टेनिसला ५० ते ५५ ही सर्वसाधारण रीत, पॉलिएस्टर असेल तर थोडे कमी. बियाँ बोर्ग लाकडी रॅकेटला सुमारे ८० पौंड ताण देई, पण ते बोर्गचे काम. माझी समजूत अशी होती की जितके ताणावे तितका फटका जोरात. ती चुकीची निघाली. सैल जाळी चेंडूला झोळीसारखी झेलते आणि घेतलेला जोर जवळजवळ सगळा परत देते. कडक जाळीवर चेंडूच जास्त चेपतो आणि त्या चेपण्यात जोर वाया जातो. म्हणजे सैल जाळीत वेग अधिक, आवळलेल्या जाळीत नेम अधिक. ज्याचा फटका आधीच जोरदार त्याने नेमासाठी आवळावे. पोरसवदा मनगटाने २८ मागितले तर शटल मागच्या रेषेपर्यंत पोचतही नाही आणि कोपर मात्र दुखू लागते. आपण मागावर ताणा फाजील आवळला तर धागे तटातट तुटतात आणि सैल सोडला तर धोटा अडकतो. कारागीर दोहोंच्या मधली जागा शोधतो. येथेही तेच आहे, फक्त तुटण्याच्या यादीत माणसाचा हात वाढला.

फ्रेम का मोडली, हे आता हिशेबाने पाहू. २२ उभ्या तारा, प्रत्येकी २४ पौंड धरल्या तरी वरखालून फ्रेमवर सव्वापाचशे पौंडांचा दाब येतो, म्हणजे सुमारे २४० किलो. आडव्या तारांचा तेवढाच बाजूंनी. आणि हे सगळे पेलणारी कार्बनची फ्रेम मुठीसकट ८०-९० ग्रॅम वजनाची! ती टिकते कारण दोन्ही दाब एकमेकांना तोलून धरतात. नुसत्या उभ्या तारा भरल्या असताना फ्रेम वरून दबून बाजूंना फुगू पाहते. म्हणून चांगले मशीन फ्रेमला चार-सहा ठिकाणी आधार देते, उभ्या तारा मधून सुरू करून आळीपाळीने डावी-उजवीकडे भरतात आणि अर्धवट भरलेली रॅकेट रात्रभर ठेवीत नाहीत. याच कारणाने खेळताना एक तार तुटली की बाकीच्याही लगेच कापून टाकाव्यात, मधून बाहेरच्या बाजूला. ‘उद्या पाहू’ म्हणून ठेवलेली रॅकेट वाकडी झालेली मी पाहिली आहे.

कारागिराने त्या मोडक्या रॅकेटचा दांडा भिंगाखाली धरला. मुठीच्या वर बारीक अक्षरांत ताणाची मर्यादा छापलेली होती: २० ते २४ पौंड. मुलाने ती वाचली नव्हती आणि गटिंगवाल्याने वाचून दाखवली नव्हती. मी दुकानात जाऊन ते अक्षर समोर ठेवले. बरीच शब्दाशब्दी झाली, शेवटी निम्मी किंमत मिळाली. पुरी मिळावयास हवी होती, असे माझे मत अजून आहे. ग्राहकाने काहीही मागितले तरी ‘हे होणार नाही’ म्हणणे हे जाणत्याचे काम आहे. पण त्या दुकानात मशीनवर बसलेला पोरगाही नगावर मजुरी घेणारा होता. स्पर्धेच्या आदल्या रात्री वीस रॅकेटी पुढ्यात असल्यावर तो अक्षरे कधी वाचणार? नगाच्या मजुरीत घाई असते आणि घाईत एखादा आडवा धागा दोन तारांवरून उडी मारून जातो. म्हणून रॅकेट घरी नेण्यापूर्वी कापड तपासतो तशी उजेडाकडे धरून पाहावी, आणि शक्य तर गटिंग चालू असताना शेजारी बसावे. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

विकत घेताना काय पाहावे ते थोडक्यात सांगतो. बॅडमिंटनच्या रॅकेटवर ३ यू, ४ यू असे लिहिलेले असते. आकडा वाढला की वजन कमी, ४ यू म्हणजे साधारण ८० ते ८५ ग्रॅम. नवशिक्याने हीच घ्यावी, दांडा थोडा लवचीक आणि तोल मध्यावर असलेली. डोक्याकडे जड रॅकेट स्मॅशला चांगली, पण खांद्याला महाग. टेनिसची मूठ पकडल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचे एक बोट मावले पाहिजे. मोठ्या माणसाची टेनिस रॅकेट २७ इंचांची असते. मुलाला ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी देऊ नये, चपला घेताना करतो तो हिशेब येथे चालत नाही. नावाला आणि रंगाला भुलू नये. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत, पुढे बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकून परदेशात किताब मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. ते लाकडी रॅकेटीने. त्या काळी रॅकेट पावसाळ्यात वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. कार्बनला ती चौकट लागत नाही. मात्र आतड्याची तात असेल तर आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेपासून तिला जपावे, आणि कोणतीही रॅकेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, तारा सैल पडतात.

तारा न तुटताही मरतात, हे शेवटी सांगितले पाहिजे. नायलॉनचा ताण पहिल्या दिवसातच उतरू लागतो, पुढे हळूहळू उतरत राहतो. आठवड्यात जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग करावे, असा खेळाडूंचा एक ठोकताळा आहे. तो पाळला तर कांड्या भरणाऱ्या बाईला परवडेल काय, हा हिशेब मी तिच्यासमोर बसून केला. मुलगा आठवड्यातून चार दिवस खेळतो. आम्ही दोन वेळा ठरवले, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा शालेय स्पर्धांच्या आधी, साधे जाड नायलॉन, २२ पौंड. निम्म्या किमतीत थोडी भर घालून दुसरी रॅकेट आली आहे, आणि गटिंग करवून घेण्यापूर्वी दांड्यावरचे बारीक अक्षर तो आता स्वतः मोठ्याने वाचून दाखवतो.