भिंतीवरचं सर्टिफिकेट

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर फलटण-बारामतीकडून आलेल्या आया मला नेहमी भेटतात. मूल स्वमग्न, बोलत नाही. कुणीतरी सांगितलेलं असतं, 'एबीए' करा. म्हणजे अवघड गोष्टीचे छोटे टप्पे पाडायचे, जमलं की शाबासकी द्यायची. मोठी झालेली काही स्वमग्न माणसं या पद्धतीवर टीकाही करतात. पण मैत्रिणींनो, माझा प्रश्न साधा आहे : शिकवणारी बाई कोण?

1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीविना काम केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. (हजारात आज काय होतं!) 'बिहेवियर अ‍ॅनालिस्ट' हे नाव 2021 च्या सहायक आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याच्या यादीत आहे. नोंदवही मात्र राज्याच्या परिषदेनं ठेवायची.

म्हणून फी भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. आईला खोलीत बसू देता का, तेही विचारा. आमच्या ओळखीच्या एकीनं विचारलं, तर उत्तर आलं, "भिंतीवर सर्टिफिकेट आहे की!" जवळ जाऊन वाचलं, तर ते दोन दिवसांच्या शिबिराचं होतं.