अम्मींचा वाफा आणि लव्हाळा

आमच्या घरामागे जेमतेम दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे अम्मींनी वर्षानुवर्षे पुदिना, कोथिंबीर, कढीपत्ता आणि मेंदीचे एक झाड सांभाळले. चाँदरातीला गल्लीतल्या मुली मेंदीचा पाला न्यायला हमखास यायच्या. गेल्या वर्षी जूनमध्ये अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांचे खाली बसणे कायमचे बंद झाले. आम्ही दोघे शाळेत, मुले अभ्यासात. सप्टेंबरमध्ये पाहतो तो पुदिन्याच्या वाफ्यात सगळा लव्हाळाच लव्हाळा!

अम्मी खिडकीतून पाहायच्या, बोलायच्या मात्र काही नाहीत. एके दिवशी एवढेच म्हणाल्या, "आता तिथे फरशीच बसवून टाका, बेटा. कोण बघणार?"

ते बोलणे आम्हांला लागले. रविवारी कुदळ घेऊन सगळा वाफा खणला, पाती उपटून फेकली. पंधरा दिवसांत लव्हाळा आधीपेक्षा दाट उगवला. मग कळले की चूक आमचीच होती.

लव्हाळा म्हणजेच नागरमोथा. वर दिसते ती नुसती पात. खरे झाड जमिनीखालच्या काळ्या गाठींत असते. तसबीहच्या मण्यांसारख्या या गाठी एका धाग्यात ओवलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ उगवते आणि बाकीच्या बऱ्याचशा झोपून राहतात. कुदळीने माळ तोडली की झोपलेले मणीही जागे होतात. आम्ही एका झाडाची दहा झाडे केली होती.

ओळखीच्या एकांनी तणनाशक मारायला सांगितले. पण ग्लायफोसेटसारखे औषध पुदिना कोणता आणि तण कोणते, हे पाहत नाही. शिवाय ज्या वाफ्यातून रोज चटणीची पाने खुडायची, तिथे फवारायला आमचे मन धजले नाही.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या बागेतही हा पाहुणा ठाण मांडून बसला असेल, तर आधी तो ओळखा. देठ बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. देठ गोल आणि पेरांचा असेल, जमिनीवर सरपटत जाऊन पेरापेराला मुळे धरत असेल, तर ती हरळी. तिचा पेर असलेला तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते, म्हणून तुकडे एकूण एक वेचावे लागतात. पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवत मात्र बियांवर पसरते. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेले हे तण आता देशभर आहे. ते फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटावे, आणि हातमोजे घालूनच, कारण त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

लव्हाळ्यावर एकच इलाज आहे: त्याला उपाशी ठेवणे. पात हिरवी राहिली की ती गाठीला अन्न पुरवते आणि महिन्या-दीड महिन्यात नव्या गाठी धरू लागतात. म्हणून आम्ही महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार ठरवून घेतला. खुरप्याने पात जमिनीच्या किंचित खाली छाटायची, खोल खणायचे नाही. प्रत्येक वेळी नवी पात काढताना गाठीतला साठा खर्च होतो. एक रविवार चुकला की मागची मेहनत बरीचशी वाया जाते.

एप्रिलमध्ये पुदिन्याची रोपे काढली, मुळे धुऊन एकही गाठ चिकटलेली नाही ना ते पाहिले आणि ती कुंड्यांत लावली. वाफ्याचे पाणी बंद केले. मग मात्र वीतभर खोल खणले आणि गाठी उन्हात पसरल्या. आधी चुकीच्या वेळी केलेले खणणे आता उपयोगी पडले, कारण मे महिन्याच्या उन्हात गाठ वाळली की मरते. पावसाळ्यात तिथे रताळ्याचे वेल सोडले. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, वेलांखाली तो खुरटला. नवे शेणखत आणि माती आता चाळूनच टाकतो, कारण गाठी त्यातूनही येतात.

मे महिन्यात एका सकाळी अम्मींनी आपणहून अंगणात खुर्ची मागवली. मांडीवर परात घेऊन त्या उकरलेल्या मातीतून गाठी वेचू लागल्या. "अरे, हे तर साद कूफी! हकीमसाहेब याच्याच पुड्या बांधायचे," त्या म्हणाल्या. युनानीत नागरमोथ्याचे हेच नाव. याचे तेल अत्तरात पडते, हेही त्यांनीच नातीला सांगितले. धुऊन वाळवलेल्या मूठभर गाठी त्यांनी शिकेकाईत टाकायला ठेवून घेतल्या.

पहिल्या दिवशी परात भरली होती. परवा, रताळी काढल्यावर, मोजून अकरा गाठी निघाल्या. लव्हाळा संपला असे आम्ही म्हणणार नाही, आमचे रविवार चालूच आहेत. पण अर्ध्या वाफ्यात पुदिना परतला आहे, आणि पहिली जुडी कुठल्या शेजारणीकडे पाठवायची हे अम्मींनी ठरवूनही टाकले आहे. फरशीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.